आचार्य वराहमिहिर आणि वनप्रवेशाचे नियम

॥ श्री ॥

श्रीमहाकालेश्वरांच्या वास्तव्याने पावन झालेली उज्जयिनी नगरी ही जशी तीर्थनगरी आहे, तशीच ती ज्योतिषशास्त्राचीही नगरी आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विद ज्या मध्यरेषेवरून कालगणना करीत, ती रेषा याच नगरीतून जाते असे मानले जाई. या अवंती देशात इसवी सनाच्या सहाव्या शतकात आचार्य वराहमिहिर होऊन गेले. त्यांचे नाव उच्चारताच पंचांग, ग्रहणे आणि जन्मकुंडली हे विषय डोळ्यांसमोर येतात. परंतु झाड कसे लावावे, कसे जगवावे, झाडांवरून भूमीतील पाणी कसे ओळखावे आणि प्रत्यक्ष देवाच्या मूर्तीसाठी लाकूड हवे असले तरी कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, याचाही सविस्तर विचार या आचार्यांनी करून ठेवला आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू फारशी परिचित नाही. ती भाविकांसमोर ठेवावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

जन्म, कुल आणि गाव

आचार्यांनी स्वतःविषयी फारच थोडे लिहिले आहे. बृहज्जातक या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी दिलेल्या माहितीवरून एवढे निश्चित समजते की, त्यांच्या पित्याचे नाव आदित्यदास होते, विद्या त्यांना पित्याकडूनच प्राप्त झाली, कापित्थक या गावी त्यांना सूर्यनारायणाचा वरप्रसाद लाभला आणि ते अवंती देशाचे रहिवासी होते. पित्याचे नाव आदित्यावरून आणि स्वतःच्या नावात मिहिर म्हणजे सूर्य, यावरून हे कुल सूर्योपासक असावे हे उघड आहे.

कापित्थक हे नाव कपित्थ म्हणजे कवठ या झाडावरून आलेले आहे. उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. तेच प्राचीन कापित्थक होय, असे अनेक अभ्यासक मानतात. उज्जैनचे सुपुत्र आणि थोर पुरातत्त्वज्ञ पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९६४ च्या सुमारास या गावच्या पांढरीचा शोध लावला. पुढे विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा चार हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. म्हणजे आचार्यांच्या काळीही हे गाव अतिप्राचीनच होते.

आचार्यांचा काळ ठरविण्यास त्यांच्याच पंचसिद्धांतिका या ग्रंथाचा आधार मिळतो. त्यातील गणित शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५, या वर्षापासून मांडलेले आहे. काही विद्वान हेच त्यांचे जन्मवर्ष मानतात, तर काहींच्या मते तो केवळ गणिताचा आरंभबिंदू आहे. त्यांचे निर्वाण शके ५०९, म्हणजे इ.स. ५८७, मध्ये झाल्याची परंपरा आहे. विक्रमादित्याच्या नवरत्नांत त्यांची गणना केली जाते. परंतु विक्रम संवताचा आरंभ इ.स. पूर्व ५७ मधील असल्याने या दोहोंत पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर पडते. राजपुत्राचा मृत्यू वराहामुळे होईल हे त्यांचे भाकीत खरे ठरले आणि त्यामुळे त्यांना वराह ही पदवी मिळाली, अशी एक लोककथाही प्रसिद्ध आहे. अशा कथांमधून लोकांच्या मनातील त्यांचे स्थान मात्र निश्चित समजते.

तो काळ आणि ग्रंथरचना

तो काळ शांततेचा नव्हता. गुप्तांचे साम्राज्य मोडकळीस आले होते आणि तोरमाण व मिहिरकुल या हूण राजांच्या स्वाऱ्या माळव्यापर्यंत पोहोचल्या होत्या. दशपूरच्या, म्हणजे आजच्या मंदसौरच्या, यशोधर्म राजाने मिहिरकुलाला नमविले. त्याच्या काळचा इ.स. ५३२ चा शिलालेख उपलब्ध आहे. राज्ये अशी उलटसुलट होत असता आचार्य मात्र ग्रंथरचनेत मग्न होते. शकुनविचार लिहिताना अवंतीचा राजा द्रव्यवर्धन याच्या ग्रंथाचा त्यांनी आदराने उल्लेख केला आहे.

पंचसिद्धांतिकेत त्यांनी पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह या पाच सिद्धांतांचे सार एकत्र केले. यांपैकी काहींचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची माहिती जगाला आचार्यांमुळेच राहिली आहे. यावनांना ज्योतिषशास्त्र चांगले अवगत आहे, तेव्हा ते परके असले तरी ऋषींप्रमाणे आदरास पात्र ठरतात, असा उदार विचार त्यांनी नमूद केला आहे. गर्ग, पराशर, कश्यप, सारस्वत अशा पूर्वाचार्यांची नावे ते पदोपदी घेतात. जुने ज्ञान एकत्र करावे, पडताळावे आणि थोडक्या शब्दांत पुढच्यांच्या हाती द्यावे, हीच त्यांची आयुष्यभराची साधना होती.

या साधनेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे बृहत्संहिता. शंभराहून अधिक अध्याय आणि सुमारे चार हजार श्लोक असलेल्या या ग्रंथात ग्रहचार, पर्जन्य, भूकंप, वास्तू, देवालय, मूर्ती, रत्ने, सुगंधी द्रव्ये, पशुपक्षी असे असंख्य विषय आले आहेत. पाऊस किती पडला हे मोजण्यासाठी एक हात व्यासाचे भांडे ठेवावे, इतका बारीक तपशील त्यात आहे. वृक्ष आणि वन यांविषयीचा विचारही याच ग्रंथात विखुरलेला आहे. तो एकत्र करून पाहिल्यास त्यामागील दृष्टी स्पष्ट होते.

झाडांवरून पिकांचा अंदाज

बृहत्संहितेत कुसुमलता नावाचा एक लहानसा अध्याय आहे. रानातील कोणत्या झाडाला फुले-फळे भरपूर आली म्हणजे कोणते पीक चांगले येईल, हे त्यात सांगितले आहे. पिंपळ बहरला तर सर्वच पिके उत्तम, जांभूळ बहरले तर तीळ आणि उडीद, शाल बहरला तर कलम जातीचा तांदूळ आणि मोह बहरला तर गहू, असे ते ताळे आहेत. गव्हासाठी प्रसिद्ध असलेल्या माळव्याच्या या पुत्राने गव्हाचे नाते रानातल्या मोहाशी जोडावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक ताळा आजच्या कसोटीस उतरेलच असे नाही. परंतु शेतकऱ्याने शेताइतकेच रानाकडेही लक्ष ठेवावे, शेत आणि रान ही एकाच ऋतुचक्राची दोन अंगे आहेत, हा त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे.

भूमीतील पाणी आणि वृक्ष

दकार्गल नावाच्या अध्यायात भूमीतील पाणी शोधण्याचे शास्त्र आहे. मनुष्याच्या शरीरात जशा रक्ताच्या शिरा असतात, तशाच भूमीत पाण्याच्या शिरा काही उंच, काही खोल अशा वाहतात, असे आचार्य सांगतात. त्या ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे झाडे. निर्जल प्रदेशात जांभळाचे झाड असेल तर त्याच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष खोलीवर पाणी लागते. उंबर असेल तर पश्चिमेस तीन हातांवर अडीच पुरुष खोलीवर गोड पाण्याची शिरा असते. येथे पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या मनुष्याची उंची, अर्थात १२० अंगुळे. खोदताना कोणत्या रंगाची माती, कोणता दगड, कोणता प्राणी आढळेल, हेही त्यांनी दिले आहे. झाडाजवळ वारूळ असणे ही तर पाण्याची फार महत्त्वाची खूण मानली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिरुपतीच्या श्रीव्यंकटेश्वर विद्यापीठात या अध्यायाचा भूजलशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास झाला. झाडांची मुळे आणि वारुळे यांचा जमिनीतील ओलाव्याशी असलेला संबंध आधुनिक शास्त्रालाही मान्य आहे. याच अध्यायात तलाव पूर्व-पश्चिम लांब असावा म्हणजे पाणी टिकते, दक्षिणोत्तर असल्यास वाऱ्याच्या लाटांनी बांध खचतो, असे सांगून काठावर अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ, ताड, अशोक, मोह, बकुळ अशी झाडे लावावीत, असा निर्देश आहे. झाड पाणी दाखविते आणि झाडच पाणी राखते, असे हे दुहेरी नाते आहे.

वृक्षायुर्वेद

यानंतरचा अध्याय वृक्षायुर्वेदाचा. ज्या जलाशयाच्या काठी छाया नाही तो शोभत नाही, या विचारानेच त्याचा आरंभ होतो. मऊ जमीन सर्व झाडांना हितकर असते. तेथे आधी तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की मातीतच मोडून गाडावेत, असे आचार्य सांगतात. आज ज्याला हिरवळीचे खत म्हणतात, तेच हे. घराजवळ किंवा बागेत प्रथम कडुनिंब, अशोक, पुन्नाग, शिरीष अशी मंगल झाडे लावावीत. उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळी पाणी द्यावे, थंडीत एक दिवसाआड द्यावे आणि पावसाळ्यात जमीन कोरडी पडली तरच द्यावे.

दोन झाडांमधील अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ होय. आजच्या मापाने हे अंतर साधारणपणे तीस, चोवीस आणि अठरा फूट भरते. फांद्यांना फांद्या आणि मुळांना मुळे भिडली की झाडे पीडित होतात आणि नीट फळत नाहीत, हे कारणही त्यांनी दिले आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात एका खड्ड्यालगत दुसरा खड्डा घेऊन रोपांची संख्या मोजणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा मोलाचा उपदेश आहे.

थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडांना रोग होतात. पाने पांढुरकी पडणे, पालवी न फुटणे, फांद्या वाळणे, रस गळणे ही त्यांची लक्षणे होत. अशा वेळी रोगट भाग कापून तेथे वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार आहे. रोप एका जागेहून दुसरीकडे नेण्यापूर्वी शुचिर्भूत होऊन त्याची पूजा करावी, असेही सांगितले आहे. कवठाच्या बीजासाठी तर त्यांनी खड्डा, माती आणि संस्कार यांचा स्वतंत्र विधी दिला आहे. ज्या गावाचे नावच कवठावरून पडले, तेथे सूर्याचा प्रसाद लाभलेल्या आचार्यांनी या झाडाची अशी विशेष दखल घेतली, हे वाचून भाविकांस आनंदच होईल.

देवासाठीही नियम

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. बृहत्संहितेत देवालय आणि मूर्ती यांच्या लक्षणांनंतर वनसंप्रवेश नावाचा छोटा अध्याय येतो. मूर्तीसाठी लाकूड आणण्याकरिता वनात प्रवेश कसा करावा, हा त्याचा विषय आहे. कार्य पवित्र आहे, मूर्ती देवाची आहे, तेव्हा वनातील कोणतेही उत्तम झाड घ्यावे, असे आचार्य म्हणत नाहीत. उलट प्रथम ते वर्ज्य झाडांची यादी देतात.

स्मशानातील, रस्त्यावरील, देवळाजवळील, वारुळावरील, उद्यानातील, तपस्व्यांच्या आश्रमातील, चैत्यस्थानातील आणि नद्यांच्या संगमावरील झाड घेऊ नये. घागरीने पाणी घालून कोणी वाढविलेले झाड घेऊ नये. वाकलेले, दुसऱ्या झाडाला बिलगून वाढलेले, वेलींनी वेढलेले, विजेने, वाऱ्याने वा हत्तीने मोडलेले, आपोआप पडलेले, वाळलेले, वणव्यात होरपळलेले आणि मधमाश्यांचे पोळे असलेले झाडही घेऊ नये. ज्याची पाने तुकतुकीत आहेत, जे फुलाफळांनी युक्त आहे, असेच झाड योग्य होय.

झाड निवडल्यावरही लगेच घाव घालावयाचा नाही. रात्री त्या झाडाला खीर, मोदक, भात, दही, फुले यांचा नैवेद्य दाखवून त्याची पूजा करावयाची, त्याला स्पर्श करून अमुक देवाच्या मूर्तीसाठी आपली निवड झाली आहे असे सांगून नमस्कार करावयाचा आणि त्या झाडावर राहणाऱ्या सर्व भूतांना विनवावयाचे, की त्यांनी हा बली स्वीकारून अन्यत्र निवास करावा आणि झाल्या गोष्टीची क्षमा करावी. सकाळी झाडाला पाणी घालून, मध आणि तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून छेद घ्यावयाचा. झाड उभे असताना त्याची कोणती बाजू कोणत्या दिशेला होती, याची खूण करून मूर्तीही त्याच दिशांना अनुसरून स्थापावयाची आणि बुंध्याकडील बाजू खाली, शेंड्याकडील वर राखावयाची. मूर्ती झाल्यावरही ते झाड कसे उभे होते, याचा विसर पडू द्यावयाचा नाही.

हा नियम केवळ मूर्तीपुरता नाही. भाद्रपदात उभारावयाच्या इंद्रध्वजासाठी लाकूड आणतानाही जवळपास अशीच यादी आहे; तेथे अनेक पक्ष्यांची घरटी आणि ढोली असलेली झाडे स्पष्टपणे वगळली आहेत. इतकेच काय, घरातील पलंग आणि आसन यांच्या लाकडाचा विचार करतानाही पक्ष्यांची घरटी, मधाची पोळी, देवालयाचा परिसर, रस्ता आणि महानदीचा संगम येथील झाडे टाळण्यास सांगितले आहे. देव, राजा आणि गृहस्थ या तिघांनाही समान मर्यादा घातलेली आहे. वास्तुविचारात तर ते आणखी एक पाऊल पुढे जातात. घराजवळ नको असलेले झाड तोडावयाचे नसेल, तर ते झाड आणि घर यांच्या मधे पुन्नाग, अशोक, कडुनिंब, बकुळ, फणस, शमी वा शाल यांसारखे शुभ वृक्ष लावावेत, असा पर्याय त्यांनी दिला आहे. तोडण्याऐवजी लावून दोष दूर करण्याचा हा मार्ग आहे.

या नियमांचा अर्थ

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. आचार्यांनी या नियमांना दिलेली कारणे शुभाशुभाची आहेत. आजच्या पर्यावरणशास्त्राची भाषा त्यांच्या ग्रंथात शोधणे योग्य होणार नाही. त्यांच्या काळी विंध्य आणि सातपुड्याची अरण्ये घनदाट होती. वने संपतील ही चिंता त्या काळाला नव्हती. त्यांच्या आधीच कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वनांवर अधिकारी नेमून नगराच्या उद्यानातील झाडांच्या फांद्या तोडणाऱ्यांस दंड सांगितले होते. आचार्यांचा मार्ग दंडाचा नसून आचाराचा आहे. ज्या ठिकाणी राजाचा शिपाई पोहोचत नाही, तेथे मनुष्याचा हात त्याच्या स्वतःच्या श्रद्धेने थांबतो.

तथापि, हा आचार पाळला गेल्यास काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. संगमावरील झाडे राहिली की काठाची माती धरली जाते. रस्त्यावरील झाडे राहिली की वाटसरूला सावली मिळते. देवालये आणि आश्रम यांभोवतीची झाडे राहिली की जुन्या, बीज देणाऱ्या वृक्षांचे संचित टिकते. घरटी, ढोली आणि पोळी राखली की बीज पसरविणारे पक्षी आणि फुलांचे परागण करणाऱ्या मधमाश्या टिकतात. वाळलेली आणि पडलेली झाडे रानातच राहिली की ती कुजून मातीला मिळतात. वारुळाजवळचे झाड हे आचार्यांच्याच मते पाण्याची खूण असल्याने ते राखणे म्हणजे पाण्याचा ठाव राखणे होय. आणि कोणीतरी घागरीने पाणी घालून वाढविलेले झाड वगळले की त्या अज्ञात मनुष्याच्या श्रमांचा मान राहतो. एका झाडासाठी एक मुहूर्त, एक रात्र आणि एक क्षमायाचना, या गतीने वनातून जेवढे घेतले जाईल, तेवढे वन सहज भरून काढू शकते.

वज्रलेप या अध्यायातही हीच दृष्टी वेगळ्या रीतीने दिसते. देवालये, शिवलिंगे, भिंती आणि विहिरी यांना दीर्घकाळ टिकविणारा हा लेप कशाचा करावयाचा, तर कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड यांच्या काढ्याचा. त्यात पुढे गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल अशी द्रव्ये मिसळावयाची. यांतील बहुतेक पदार्थ झाड जिवंत ठेवूनच मिळणारे आहेत. टेंभुर्णी, सावर, सालई, धामण, बिब्बा आणि बेल ही झाडे आजही मध्य भारताच्या रानांत आढळतात. फळ, फूल आणि डिंक बेताने घेतल्यास तेच झाड वर्षानुवर्षे देत राहते. डिंकासाठी खोडावर खोल घाव घातले, तर ते दुबळे होऊन मरते. मंदिर टिकविण्यासाठी रान टिकले पाहिजे, हे या एका लेपावरूनही समजते.

आचार्यांची परंपरा

आचार्यांचे पुत्र पृथुयशस् यांनी षट्पंचाशिका हा ग्रंथ रचून विद्येचा वारसा चालविला. दहाव्या शतकात भट्टोत्पल यांनी बृहत्संहितेवर विस्तृत टीका लिहिली. अकराव्या शतकात भारतात आलेला विद्वान अल् बिरुनी याने आचार्यांविषयी आदर व्यक्त केला आणि त्यांच्या लघुजातकाचे अरबीत भाषांतर केले. १८६५ मध्ये डच पंडित केर्न यांनी बृहत्संहितेची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आचार्यांच्या काळाची आणि कार्याची चिकित्सा मराठीत केली. नागपूर विद्यापीठातील अजयमित्र शास्त्री यांनीही बृहत्संहितेतील समाजजीवनावर मोलाचे संशोधन केले.

ग्रंथाबरोबर आचारही कोठे ना कोठे टिकून राहिला. पुरीच्या श्रीजगन्नाथांच्या नवकलेवर उत्सवात मूर्तीसाठी कडुनिंबाचे झाड विशिष्ट लक्षणे पाहून शोधले जाते आणि पूजा करूनच तोडले जाते; १९९६ आणि २०१५ मध्ये हा सोहळा झाला. तेथील लक्षणे आचार्यांच्या यादीहून काही बाबतींत भिन्न असली तरी झाडाची निवड करून, त्याची पूजा करून मगच ते घेण्याची रीत तीच आहे. रथयात्रेच्या रथांना दरवर्षी लागणाऱ्या लाकडासाठी ओडिशात जगन्नाथ वन प्रकल्पाद्वारे स्वतंत्र लागवडही करण्यात आली आहे. देवासाठी घेतले तेवढे देवासाठी लावावे, हा त्याचा अर्थ. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत देवरायांच्या रूपाने हीच मर्यादा शतकानुशतके पाळली गेली. देवाचा कौल घेतल्याशिवाय त्या रानातील फांदीही तोडावयाची नाही, आणि लाकूड घेतलेच तर देवळाच्या कामापुरते, असा तेथील दंडक. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अन्यत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती तेथे सुरक्षित असल्याचे दिसून आले.

आज उज्जैनमध्ये

आचार्यांच्या या भूमीची आजची स्थिती मात्र मन विषण्ण करणारी आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार उज्जैन जिल्ह्यातील वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पुण्यसलिला क्षिप्रा उन्हाळ्यात कोरडी पडू लागल्याने २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी नळमार्गाने तिच्यात आणावे लागले आणि २०१६ च्या सिंहस्थातील स्नाने त्या पाण्याच्या आधाराने पार पडली. ज्या भूमीत झाड पाहून पाणी सांगणारे आचार्य झाले, तेथे पाणी सांगण्यासाठी झाडेच उरली नाहीत, अशी ही अवस्था आहे.

२०२८ मध्ये पुन्हा सिंहस्थ येत आहे. लाखो भाविक येतील, मार्ग आणि घाट रुंद होतील, आखाड्यांचे उंच धर्मध्वज उभे राहतील, धुन्या पेटतील आणि या सर्वांसाठी जागा आणि लाकूड लागेल. कार्य धर्माचे आहे, म्हणून झाडांचा विचार नको, असे कोणास वाटल्यास त्याने वनसंप्रवेशाचा अध्याय आठवावा. धर्मकार्याला सवलत नाही. उलट मर्यादा तेथेच अधिक कडक आहे, हे आचार्यांचे सांगणे आहे.

विश्वस्त मंडळींनी आणि भाविकांनी त्यांच्या ग्रंथातून काही गोष्टी सहज आचरणात आणता येतील. मंदिराच्या आवारातील आणि घाटावरील जुन्या झाडांची नोंद ठेवावी आणि घरटी, ढोली वा पोळी असलेल्या झाडाला हात लावू नये. बांधकामाच्या आड झाड आले तर प्रथम पर्याय शोधावा. नदीकाठी अर्जुन, वड, जांभूळ, कदंब, मोह, बकुळ यांची लागवड करावी. रोपांची संख्या मोजण्यापेक्षा अंतर मोजावे आणि पहिली काही वर्षे घागरीने पाणी घालून ती जगवावीत. लाकूड घ्यावेच लागले, तर त्याची परतफेड लागवडीने करावी. आणि कवठाचे एक तरी झाड प्रत्येक मंदिराच्या आवारात असावे. कापित्थकच्या आचार्यांचे याहून सोपे स्मारक दुसरे नाही.

आचार्य वराहमिहिरांनी आकाशातील ग्रहांची गती मोजली आणि भूमीवरील झाडाची क्षमाही मागावयास शिकविले. या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने वेगळ्या नव्हत्या. सृष्टीच्या नियमापुढे विद्वानाने आणि भक्तानेही नम्र राहावे, हाच दोहोंचा अर्थ. ती नम्रता आपणा सर्वांच्या ठायी उपजो आणि क्षिप्रेचे काठ पुन्हा वृक्षराजींनी बहरोत, हीच श्रीमहाकालेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥